विमान किती तासांचं? कोकणातून पहिल्यांदा परदेशी निघणाऱ्यांसाठी अंतराचा आणि वेळेचा हिशेब

घरातलं कुणी पहिल्यांदा परदेशी निघालं की दोन प्रश्न ठरलेले असतात. किती लांब आहे, आणि किती वाजता पोचणार? हल्ली मोबाइलवर दोन विमानतळांची नावं टाकली की उत्तर लगेच हजर होतं. मुंबई ते दुबई 1,925 किलोमीटर, तीनेक तास. मुंबई ते कुवेत 2,760 किलोमीटर, साधारण चार तास. मुंबई ते लंडन 7,200 किलोमीटर, नऊ-दहा तास. आकडे बरोबर असतात. पण ते एका धावपट्टीपासून दुसऱ्या धावपट्टीपर्यंतचे असतात आणि आपण राहतो गुहागरला, देवगडला नाहीतर वेंगुर्ल्याला. आखातात नोकरीला जाणारा पोरगा असो, बोटीवर रुजू व्हायला निघालेला असो किंवा लेकीच्या बाळंतपणाला अमेरिकेत जाणारी आई असो, विमान चुकतं ते बहुतेक वेळा जमिनीवरच्या हिशेबात. म्हणून सगळा हिशेब एकेक पायरीने करू.

पहिली पायरी: विमानतळ नेमका कुठला?

शहराचं नाव पुरेसं नाही, तीन अक्षरी कोड बघायचा. मुंबईचा जुना विमानतळ बीओएम. नवी मुंबईचा नवा, पनवेलजवळचा, एनएमआय; तिथून डिसेंबर 2025 पासून विमानं सुटू लागली. गोव्यातही दोन आहेत. दाबोळीचा जीओआय आणि पेडण्याजवळच्या मोप्याचा जीओएक्स. मोपा जानेवारी 2023 पासून चालू आहे. सिंधुदुर्गातल्या चिपीचा कोड एसडीडब्ल्यू.

"गोव्याहून विमान आहे" एवढ्यावर गाडीवाल्याला सांगून मोकळं होऊ नका. मोपा सावंतवाडीहून तासाभराच्या आत येतो. दाबोळी मात्र पणजी ओलांडून, मांडवी आणि जुवारी दोन्ही नद्यांच्या पलीकडे. सकाळी चुकीच्या विमानतळावर उतरलात तर दुसऱ्यावर वेळेत पोचणं नशिबाचा भाग. मुंबईचंही तसंच. बीओएम असेल तर टर्मिनलसुद्धा बघा. परदेशी विमानं सहारच्या टी2 वरून सुटतात, टी1 सांताक्रूझच्या बाजूला आहे, आणि दोन्हींमध्ये रस्त्याने काही किलोमीटर जावं लागतं.

आणखी एक गंमत. अंतर दाखवणाऱ्या ॲपमध्ये चिपी ते अमेरिकेतलं नेवार्क टाकून बघा. ते बिनदिक्कत सांगेल: सुमारे 12,900 किलोमीटर, पंधरा तास. चिपीची धावपट्टी अडीच किलोमीटरची. तिथून अमेरिकेला थेट विमान नाही, पण गणित करणाऱ्याला त्याचं काय! त्याला दोन बिंदू दिले की तो आकडा देतो, मग त्या दोन बिंदूंमध्ये विमान उडत असो वा नसो. म्हणून आधी तिकीट विकणाऱ्या कंपनीकडे थेट उड्डाण आहे का ते बघावं आणि मगच अंतराकडे वळावं.

दुसरी पायरी: हे अंतर मोजतात कसं?

दाभोळच्या धक्क्यावर उभं राहिलं की खाडीपलीकडचं धोपावे समोर दिसतं. फेरीबोटीने काही मिनिटांत पोचतो, तेच गाडीने खाडीला वळसा घालून जायचं तर दिवसाचा मोठा तुकडा जातो. हवाई अंतर म्हणजे फेरीबोटीचं अंतर. फक्त पृथ्वी गोल असल्यामुळे ही सरळ रेषा कागदावर सरळ दिसत नाही.

पटत नसेल तर शाळेतला पृथ्वीगोल घ्या आणि दोऱ्याचं एक टोक मुंबईवर, दुसरं न्यूयॉर्कवर धरून दोरा ताणा. भिंतीवरच्या नकाशावर वाटतं की विमान अरबी समुद्र, आफ्रिका, अटलांटिक असं पश्चिमेला जाणार. ताणलेला दोरा मात्र वर सरकतो. मध्य आशिया, फिनलंड, नॉर्वे, आइसलंडचा दक्षिण भाग, आणि मग खाली न्यूयॉर्क. 65 अंश उत्तरेच्या जवळ जाऊन येतो. तोच सर्वांत जवळचा मार्ग, साधारण 12,500 किलोमीटरचा. ॲप हाच दोरा गणिताने ताणतं. पृथ्वीची सरासरी त्रिज्या 6,371 किलोमीटर धरायची, दोन्ही ठिकाणांचे अक्षांश-रेखांश घालायचे आणि गोलावरचं अंतर काढायचं. कॉम्प्युटरवर गुगल मॅप्स उघडून एका विमानतळावर माउसचं उजवं बटण दाबलं तर अंतर मोजायची सोय दिसते. दुसऱ्या विमानतळावर क्लिक केलं की झालं.

एकक मात्र तपासा. मैल असेल तर 1.609 ने गुणा, सागरी मैल असेल तर 1.852 ने. बोटीवरच्या माणसांना सागरी मैल पाठ असतो, वैमानिकही तोच वापरतात. मुंबई-दुबई 1,925 किलोमीटर म्हणजे सुमारे 1,196 मैल किंवा 1,040 सागरी मैल. तीन ठिकाणी तीन आकडे दिसले म्हणून गोंधळून जायला नको.

तिसरी पायरी: अंतरावरून वेळ

ढोबळ हिशेब असा. किलोमीटरला 850 ने भागा आणि चढाई-उतराईसाठी अर्धा-पाऊण तास मिळवा. दुबईचे 1,925 भागिले 850 म्हणजे सव्वादोन तास, अधिक पाऊण, झाले तीन. लांब पल्ल्याची मोठी विमानं थोडी वेगात जातात, त्यांना 880-890 धरलं तरी चालतं.

तिकिटावर याहून जास्त वेळ दिसतो आणि लोकांना वाटतं विमान हळू चालवतात. तसं नसतं. तिकिटावरचा वेळ विमान गेटवरून मागे ढकलल्यापासून पलीकडच्या गेटला लागेपर्यंतचा असतो. त्यात धावपट्टीपर्यंतची रांग आली, उतरल्यानंतरचं रांगत जाणंही आलं. मुंबईत तर दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी वापरता येत नाहीत आणि गर्दीच्या वेळी विमानं वर घिरट्या घालत राहतात. कंपन्या हे सगळं गृहीत धरून वेळ थोडा सैल ठेवतात. म्हणून कधी वैमानिक "वीस मिनिटं आधी पोचलो" असं ऐटीत सांगतो तेव्हा फार हुरळून जाऊ नये.

दुसरं कारण वारा. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात, हिवाळ्यात तर फारच. पश्चिमेला जाताना ते तोंडावर येतात, येताना पाठीवर. समोरच्या सीटच्या मागे जो पडदा असतो त्यावर नकाशा लावून वेग बघत बसा. जाताना ताशी 780-800 दिसेल, येताना हजाराच्या आसपासही दिसतो. विमान तेच, इंजिन तेच. यामुळेच न्यूयॉर्कला जायला सोळा-साडेसोळा तास लागत असतील तर यायला दोनेक तास कमी लागतात. दुबईसारख्या जवळच्या प्रवासात हा फरक दहा-वीस मिनिटांवर येतो.

तिसरं कारण मार्ग. दोरा ताणला तसं विमान नेहमी जाऊ शकत नाही. फेब्रुवारी 2019 मध्ये आणि पुन्हा एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने आपली हवाई हद्द भारतीय विमानांना बंद केली, तेव्हा युरोप-अमेरिकेच्या फेऱ्या लांबल्या. आखातात तणाव वाढला की तिथलंही आकाश काही काळ बंद होतं. अंतराच्या ॲपला यातलं काहीच ठाऊक नसतं. तुमच्याच क्रमांकाचं विमान गेल्या आठवड्यात प्रत्यक्ष कुठून गेलं आणि किती वेळात पोचलं हे फ्लाइटरडार24 सारख्या ठिकाणी दिसतं. मला विचाराल तर कुठल्याही गणितापेक्षा ते जास्त भरवशाचं.

चौथी पायरी: तिकिटावरची घड्याळं

इथे सर्वांत जास्त माणसं अडकतात, शिकलेलीसुद्धा. तिकिटावर निघायची वेळ निघायच्या गावची असते आणि पोचायची वेळ पोचायच्या गावची. दोन्ही वेगवेगळ्या घड्याळांतल्या वेळा, त्यांची सरळ वजाबाकी करायची नाही.

समजा तिकिटावर लिहिलंय: मुंबई 16:30, दुबई 18:15. वजाबाकी केली तर पावणेदोन तास येतात. "अरे, मुंबईहून महाडला पोचायला याच्या दुप्पट लागतात!" दुबई आपल्या दीड तास मागे आहे. पोचायच्या वेळेत दीड तास मिळवा, म्हणजे आपलं घड्याळ 19:45 दाखवत असेल. त्यातून 16:30 गेले की उरतात सव्वातीन तास. हा खरा प्रवास. परतीला उलट होतं. दुबई 22:00, मुंबई 02:40. दिसतात पावणेपाच तासांच्या आसपास, पण दुबईचे 22:00 म्हणजे आपले 23:30, त्यामुळे खरा वेळ तीन तास दहा मिनिटं.

पद्धत एकच ठेवा: दोन्ही वेळा आधी भारतीय वेळेत करायच्या, मगच वजाबाकी. त्यासाठी हे फरक वहीत लिहून ठेवा. दुबई, अबुधाबी, मस्कत दीड तास मागे. कुवेत, दोहा, बहरीन, रियाध अडीच तास मागे. सिंगापूर अडीच तास पुढे. लंडन हिवाळ्यात साडेपाच तास मागे, उन्हाळ्यात साडेचार. न्यूयॉर्क हिवाळ्यात साडेदहा, उन्हाळ्यात साडेनऊ.

लंडन आणि न्यूयॉर्कचे दोन आकडे का, तर तिथे वर्षातून दोनदा घड्याळ एक तास पुढे-मागे करतात. ब्रिटनमध्ये मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. त्यामुळे मुंबईहून रात्री 01:00 ला सुटणारं विमान जानेवारीत न्यूयॉर्कला 07:00 वाजता पोचत असेल, तर तेच विमान जूनमध्ये 08:00 ला पोचलेलं दिसेल. हवेतला वेळ दोन्हीकडे साडेसोळा तासच, बदललं ते तिथलं घड्याळ. न्यायला येणाऱ्या जावयाला वेळ कळवताना "तुमच्या घड्याळाने" असं स्पष्ट सांगा.

पोचायच्या वेळेपुढे बारीक अक्षरात +1 असेल तर दुसऱ्या दिवशी पोचणार. अमेरिकेला जाताना तो सहसा नसतो, येताना बहुतेक वेळा असतो.

पाचवी पायरी: मध्यरात्रीचं विमान

मुंबईहून आखाताची, युरोपची, अमेरिकेची कितीतरी विमानं रात्री बारा ते पहाटे पाचच्या मध्ये सुटतात. तिकिटावर असतं: 15 तारीख, 00:50. आपल्याकडे रात्र संपते ती कोंबडा आरवल्यावर, त्यामुळे घरात सगळे म्हणतात "15 च्या रात्रीचं विमान". तसं नाही. ते विमान 14 तारखेच्या रात्री जेवणं आटोपली की सुटतं. परदेशी विमानासाठी तीन तास आधी हजर राहायचं म्हटलं तर 14 ला रात्री 21:50 ला तुम्ही विमानतळाच्या दारात हवेत.

आता मागे या. 14 च्या रात्री सावंतवाडीहून तुतारी किंवा रत्नागिरीहून कोकणकन्या पकडलीत तर ती मुंबईत उजाडेल 15 च्या पहाटे, आणि विमान तोवर समुद्र ओलांडून गेलेलं असेल. म्हणजे गाडी 13 च्या रात्रीची हवी. 14 ला सकाळी दादर-ठाण्याला उतरायचं आणि दिवसभर लालबाग, डोंबिवली, नालासोपारा, जिथे कुणी आपलं असेल तिथे आंघोळ-जेवण-झोप करून संध्याकाळी निघायचं. कोकणी माणसाचं मुंबईत कुणी नाही असं सहसा होत नाही. 14 ला सकाळच्या गाडीने निघून रात्रीचं विमान पकडायचा बेत कागदावर जमतो, पण गाडी दोन तास लेट झाली की घाम फुटतो. मी तरी कुणाला तो सुचवणार नाही.

तारीख वाचायची सवय म्हणून एक करा: तिकीट हातात आलं की "विमानतळावर हजर" ही वेळ वारासकट मोठ्या अक्षरात लिहून देवघराशेजारी किंवा कॅलेंडरवर लावा. विमान सुटायची वेळ लिहू नका. घरातल्या बाकीच्यांनी हजर व्हायचीच वेळ पाठ केली पाहिजे.

सहावी पायरी: मध्ये थांबा असेल तर

दोन विमानांचं तिकीट एकाच बुकिंगवर असेल आणि पहिलं उशिरा आलं, तर पुढची सोय लावणं हे कंपनीचं काम. वेगवेगळी तिकिटं स्वस्तात काढली असतील तर दुसरं चुकल्याचा भुर्दंड तुमच्या खिशाला. पहिल्यांदा जाणाऱ्याने हजार-दोन हजार वाचवण्यासाठी हा धोका घेऊ नये. थांबा दोन तासांपेक्षा कमी असेल तर टर्मिनल बदलायचं आहे का, पुन्हा सुरक्षा तपासणी आहे का, बॅगा थेट शेवटपर्यंत जाणार का, एवढं काउंटरवर विचारून घ्या. बॅगेला लावलेल्या पट्टीवर शेवटच्या विमानतळाचा कोड छापलेला असतो, तो स्वतः वाचून बघा.

सातवी पायरी: मुंबई की मोपा?

खरा वेळ इथे वाचतो. मुंबई-दुबई 1,925 किलोमीटर, मोपा-दुबई सुमारे 2,200. मोप्याहून पावणेतीनशे किलोमीटर जास्त उडावं लागतं, म्हणजे हवेत वीसेक मिनिटं. पण कुडाळच्या माणसाला मुंबई गाठायला रस्त्याने निम्मा दिवस लागतो आणि मोपा तास-दीड तासावर आहे. ॲपमधला आकडा मुंबईचं अंतर कमी दाखवतो म्हणून मुंबई जवळ, असं समजणाऱ्याने एकदा हे दोन आकडे शेजारी लिहून बघावेत.

अडचण एकच, मोप्याहून मोजक्याच ठिकाणी थेट विमानं जातात, तीही रोज असतीलच असं नाही. थेट नसेल तर मोप्याहून दुसऱ्या मोठ्या विमानतळामार्गे एकाच बुकिंगवर मिळतं का बघा. थोडे पैसे जास्त पडले तरी गाडीभाडं, मुक्काम आणि जागरण धरून तुलना करा. चिपीही जमेस धरा, पण तिथल्या फेऱ्या मधूनमधून सुरू-बंद होत आल्या आहेत, त्यामुळे तिकीट काढायच्या दिवशीचीच माहिती खरी.

माझं मत विचाराल तर खारेपाटणच्या दक्षिणेला मोपा आधी तपासावा आणि चिपळूणच्या उत्तरेला मुंबई किंवा नवी मुंबई. मधल्या राजापूर, लांजा, रत्नागिरीवाल्यांनी दोन्हींचा हिशेब मांडावा. नवी मुंबईहून विमान असेल तर रेल्वेने पनवेलला उतरता येतं, शहरात शिरायची गरजच नाही. आपल्यासाठी ही मोठीच सोय झाली.

रत्नागिरी-कुवेतचा पूर्ण हिशेब मांडू. घर ते मुंबई विमानतळ रस्त्याने आठ तास. विमानतळावर तीन तास. विमानात सव्वाचार तास. उतरल्यावर इमिग्रेशन, बॅगा आणि खोलीपर्यंतची गाडी मिळून दोन-अडीच तास. बेरीज साडेसतरा तासांच्या आसपास जाते आणि त्यात विमानाचा वाटा पाव भागाहून कमी. बाकीचं सगळं जमिनीवर.

त्या आठ तासांना पावसाळ्यात आणि सणासुदीला काही अर्थ उरत नाही. कशेडीचा बोगदा झाल्यापासून घाटातला वेळ वाचतो, पण माणगाव-इंदापूरची कोंडी अजून आहे आणि परशुराम घाटात पावसाळ्यात दरड येऊ शकते. कोकण रेल्वे जूनपासून पावसाळी वेळापत्रकाने चालते, गाड्यांचा वेग कमी असतो आणि सुटायच्या-पोचायच्या वेळाही बदलतात. मे महिन्यात पाहिलेली वेळ जुलैत धरू नका. गणपतीत परतीच्या दिवसांत विमान असेल तर एक अख्खा दिवस हाताशी ठेवून मुंबईत पोचावं. इतर वेळी कोरड्या महिन्यांत चार तास जास्तीचे पुरतात.

विमानतळावरचे तीन तासही कुणी उगाच सांगत नाही. बहुतेक कंपन्या परदेशी विमानाचा काउंटर सुटण्याच्या तासभर आधी बंद करतात आणि त्यानंतर कितीही गयावया केली तरी उपयोग होत नाही. त्यात वजन जास्त भरलं म्हणून बॅग उघडून फणसाचे तळलेले गरे आणि कुळथाचं पीठ जमिनीवर मांडायची वेळ येते. वजन घरीच काट्यावर करून या. कोकमाच्या आगळाची बाटली हातातल्या पिशवीत ठेवू नका, 100 मिलीपेक्षा मोठी असेल तर सुरक्षा तपासणीत काढून घेतात.

परतीचा प्रवास

परत येताना मुंबई किंवा दिल्लीमार्गे मोप्याचं तिकीट असेल तर भारतात जिथे पहिल्यांदा उतराल तिथेच सहसा बॅगा घेऊन कस्टममधून जावं लागतं, आणि देशांतर्गत विमानासाठी त्या पुन्हा जमा कराव्या लागतात. त्यासाठी निदान तीन-चार तास मध्ये हवेत. रेल्वेने यायचं असेल तर विमान पोचायच्या वेळेत किमान चार तास मिळवून त्यानंतरची गाडी धरा. 02:40 ला उतरणाऱ्याला बॅगा घेऊन बाहेर यायला चार वाजतात, त्यामुळे पहाटेच्या पहिल्या गाडीपेक्षा सकाळी उशिराची किंवा दुपारची बरी. ते आरक्षण परदेशातून निघायच्या आधीच करून ठेवा. मुंबई-गोवा मार्गावरच्या गाड्या मे महिन्यात आणि गणपतीत फार आधीच भरलेल्या असतात.